शताधिपतीचा निरोप आणि दूरवरचा वैद्य

महिन्याचा पहिला शुक्रवार हा प्रभू येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीचा दिवस. या दिवशी धर्मग्रामातील आजाऱ्यांना घरोघरी जाऊन पवित्र कम्युनियन देण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. अशाच एका शुक्रवारी एका वृद्ध विधवा मावशींच्या घरी जाण्याचा योग आला. मुलगा आणि सून परदेशी, घर प्रशस्त, घरात माणूस एक. अल्तारावर पवित्र हृदयाची तसबीर होती आणि तिच्यापुढे एक लहानसा दिवा जळत होता. खाटेशेजारच्या स्टुलावर एक पांढरे यंत्र होते. त्यावरही एक हिरवा दिवा होता. मावशींच्या छातीत बसवलेल्या पेसमेकरची माहिती रात्री गोळा करून ती रुग्णालयाकडे पाठवणारे ते यंत्र होते.

प्रार्थना आटोपल्यावर मावशी म्हणाल्या, "फादर, मुलगा सांगतो, हे यंत्र रात्रभर माझ्यावर लक्ष ठेवतं. पण रात्री मला घाबरं झालं तर मी कुणाला उठवायचं, ते काही त्यानं सांगितलं नाही."

मावशींच्या या साध्या प्रश्नात आजच्या दूरवैद्यकाचे सारे मर्म सामावलेले आहे. हृदयरुग्णांच्या देखरेखीचे तंत्रज्ञान गेल्या दोन दशकांत विलक्षण वेगाने पुढे गेले. डॉक्टर शेकडो मैलांवर असले तरी त्यांना रुग्णाच्या काळजाचे ठोके दिसू शकतात. ही देवाने मानवाला दिलेल्या बुद्धीची देणगीच आहे, तिचे मोकळ्या मनाने स्वागत करायला हवे. तथापि त्या यंत्राच्या दोन टोकांना कोण आहे, हा प्रश्न विचारल्याशिवाय हे स्वागत पुरे होत नाही. एका टोकाला जागा असलेला वैद्य आणि दुसऱ्या टोकाला रुग्णाजवळ असलेला माणूस, या दोहोंपैकी एक जरी नसला तरी मधले यंत्र मुके राहते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा ऊहापोह करावयाचा आहे.

तारेवरून आलेले ठोके

दूरवरून हृदय ऐकण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. हृदयाचा विद्युत आलेख, म्हणजे ज्याला आपण ईसीजी म्हणतो, तो अचूकपणे काढण्याची पद्धत नेदरलँड्समधील विलेम आइन्थोव्हेन यांनी विकसित केली. त्यांचे यंत्र इतके अवजड होते की ते रुग्णालयात नेणे अशक्य होते आणि आजारी माणसांना प्रयोगशाळेत आणणे त्याहून अवघड. तेव्हा १९०५ साली आइन्थोव्हेन यांनी लायडन येथील रुग्णालय आणि सुमारे दीड किलोमीटरवरील आपली प्रयोगशाळा टेलिफोनच्या तारेने जोडली. रुग्ण रुग्णालयातच राहिला, त्याच्या हृदयाचे स्पंदन तेवढे तारेवरून प्रवास करून आले. पुढे १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतरचा टप्पा अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांचा. माणूस चालता-फिरता असताना त्याचे हृदय कसे चालते, हे त्यांना पाहायचे होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तयार केलेले पहिले यंत्र पाठीवर वाहावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. १९६१ साली या पद्धतीविषयीचा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आज डॉक्टर 'चोवीस तासांचे होल्टर लावा' असे सांगतात तेव्हा ते नाव या शास्त्रज्ञाचे असते आणि ते यंत्र खिशात मावते.

पेसमेकरची कथा तर मनाला अधिक भिडणारी आहे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये ४३ वर्षांच्या आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातील पहिला पूर्णतः आत बसवलेला पेसमेकर ठेवण्यात आला. यंत्र रुने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवले होते, तर शस्त्रक्रिया ओके सेनिंग या शल्यविशारदांनी केली होती. त्या दोघांची पुरेशी तयारी झालेली नव्हती. पण लार्सन यांच्या पत्नीने त्यांच्याकडे सतत आग्रह धरला, म्हणून ते या धाडसाला राजी झाले. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पुढे लार्सन यांना वीसहून अधिक पेसमेकर बदलावे लागले. मात्र ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले आणि आपला अभियंता व शल्यविशारद या दोघांपेक्षाही अधिक काळ जगले. ही कथा सांगताना आपण सहसा यंत्राचे कौतुक करतो. रुग्णाच्या वतीने दार ठोठावणाऱ्या त्या पत्नीची आठवण क्वचितच ठेवतो.

विशेष म्हणजे, ज्या २००१ साली लार्सन निवर्तले, त्याच वर्षी शरीरातील पेसमेकरची माहिती घरबसल्या बिनतारी पाठवणाऱ्या यंत्रणेला अमेरिकेत मान्यता मिळाली. मावशींच्या खाटेजवळचे पांढरे यंत्र हा त्याच परंपरेचा आजचा वारस आहे.

हे यंत्र काय करते आणि काय करीत नाही

दूरस्थ देखरेखीचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार शरीरात बसवलेल्या यंत्रांचा. पेसमेकर मंदावलेल्या हृदयाला गती देतो. आयसीडी हे यंत्र जीवघेण्या अनियमित ठोक्यांच्या वेळी विजेचा झटका देऊन हृदय ताळ्यावर आणते. बॅटरी किती उरली आहे, तार शाबूत आहे का, ठोके कधी बिघडले, याची नोंद ही यंत्रे ठेवतात व ती घरातील उपकरणाद्वारे किंवा मोबाइलद्वारे रुग्णालयाकडे जाते. हृदयतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२३ साली एकत्रितपणे असे मत नोंदवले की, ज्यांची देखरेख दूरवरून अखंड चालू आहे आणि ज्यांची प्रकृती स्थिर आहे, अशा रुग्णांच्या यंत्र-तपासणीच्या प्रत्यक्ष भेटींमधील अंतर २४ महिन्यांपर्यंत वाढवता येईल. दूरच्या गावातून शहरात केवळ यंत्र तपासून घेण्यासाठी येणाऱ्या वृद्धांना हा केवढा मोठा दिलासा आहे!

दुसरा प्रकार हृदयाची शक्ती क्षीण झालेल्या रुग्णांचा. वैद्यकीय भाषेत याला 'हार्ट फेल्युअर' म्हणतात. हृदय बंद पडले, असा त्याचा अर्थ नव्हे. हृदय पुरेशा जोमाने रक्त पुढे ढकलू शकत नाही, म्हणून शरीरात पाणी साठू लागते, असा त्याचा अर्थ आहे. हे पाणी एका रात्रीत साठत नाही. दम लागण्याच्या बरेच दिवस आधी वजन वाढू लागते, पावलांवर सूज येते, झोपताना एकाऐवजी दोन उशा लागतात. म्हणूनच रोज सकाळचे वजन, रक्तदाब आणि नाडी यांची नोंद डॉक्टरांपर्यंत पोहोचली तर औषधाची मात्रा वेळीच बदलता येते आणि मध्यरात्रीची धावपळ टळते.

तिसरा प्रकार झटक्याच्या वेळचा. छातीत दुखू लागलेल्या माणसाचा ईसीजी लहान रुग्णालयात काढायचा, तो मोबाइलद्वारे मोठ्या केंद्रातील तज्ज्ञाकडे पाठवायचा आणि काही मिनिटांत निदान मिळवायचे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पहिल्या दोन प्रकारांतील घरगुती उपकरणे ही संकटकाळची घंटा नव्हेत. ती माहिती पाठवतात. ती माहिती रुग्णालय आपल्या कामाच्या वेळेत पाहते. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर पांढऱ्या यंत्राकडे पाहून स्वस्थ बसणे धोक्याचे ठरते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे, हाच योग्य मार्ग होय. यंत्र देताना रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना हे समजावून सांगितले जातेच असे नाही. मावशींचा प्रश्न त्यातूनच निर्माण झाला होता.

आकडे काय सांगतात

या तंत्रज्ञानाने रुग्णांचे प्राण खरोखर वाचतात काय? शास्त्रीय अभ्यासांची उत्तरे प्रथमदर्शनी परस्परविरोधी वाटतात.

अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'टेली-एचएफ' या अभ्यासात हार्ट फेल्युअरचे १६५३ रुग्ण सहभागी होते. त्यांपैकी निम्म्यांनी रोज एका स्वयंचलित दूरध्वनी यंत्रणेला फोन करून आपले वजन व लक्षणे सांगायची होती. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत काहीही फरक आढळला नाही. पुन्हा रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा दगावलेल्या रुग्णांचे प्रमाण एका गटात ५२.३ टक्के, तर दुसऱ्यात ५१.५ टक्के होते. ज्यांना ही सोय दिली होती त्यांपैकी १४ टक्के रुग्णांनी ती एकदाही वापरली नाही. अखेरच्या आठवड्यात आठवड्यातून किमान तीनदा फोन करणारे जेमतेम ५५ टक्के उरले होते. पलीकडे ध्वनिमुद्रित आवाज होता. त्या आवाजाशी रोज किती दिवस बोलणार?

याउलट जर्मनीतील 'टीआयएम-एचएफ २' या १५७१ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. तेथेही वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र आणि ईसीजीच होता. पण बर्लिनमधील शारिटे रुग्णालयाच्या केंद्रात डॉक्टर व परिचारिका चोवीस तास जाग्या होत्या. त्या रुग्णांना प्रशिक्षण देत, नियमितपणे फोन करीत आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी संपर्क ठेवीत. परिणाम असा झाला की, अचानक रुग्णालयात भरती होण्यामुळे वा मृत्यूमुळे गमावलेले वर्षातील सरासरी दिवस २४.२ वरून १७.८ वर आले. दर शंभर रुग्णांमागे वर्षाला होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ११.३ वरून ७.९ इतके खाली आले. २०२० च्या डिसेंबरात जर्मनीने ही सेवा सार्वजनिक आरोग्य विम्याच्या कक्षेत आणण्याचा निर्णय घेतला. मात्र वर्षभराने देखरेख थांबवल्यानंतर, गमावलेल्या दिवसांमधील हा फायदा पुढच्या वर्षात टिकला नाही, हेही पाठपुराव्यात दिसून आले.

शरीरातील यंत्रांच्या बाबतीतही हेच घडले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इन-टाइम' अभ्यासात ६६४ रुग्णांच्या यंत्रांची माहिती रोज येत होती व एक केंद्र तिच्यावर सातत्याने लक्ष ठेवून होते. देखरेखीखालील गटात वर्षभरात १० मृत्यू झाले, तर दुसऱ्या गटात २७. इंग्लंडमधील १६५० रुग्णांच्या 'रेम-एचएफ' या अभ्यासात ही माहिती आठवड्यातून एकदा पाहिली जात असे. २०१७ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांत कोणताही लाभ आढळला नाही.

या साऱ्या आकड्यांचा मथितार्थ एकच. रुग्णाचा प्राण वजनकाट्याने वाचत नाही. त्या काट्यावरील आकडा पाहून 'आजी, काल रात्री झोप लागली का? पायाला सूज आहे का?' असे कुणी विचारते, तेव्हा तो वाचतो. विज्ञानाने आपल्याच मोजपट्टीने मानवी आस्थेचे मोल सिद्ध केले आहे.

आपल्या देशातील चित्र

भारतात १९९० साली एकूण मृत्यूंपैकी १५.२ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होत. २०१६ साली हे प्रमाण २८.१ टक्क्यांवर पोहोचले होते. हृदयविकार हा श्रीमंतांचा रोग, हा समज आता मागे पडला आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिएट' या नोंदणी-अभ्यासात ५० भारतीय शहरांतील वीस हजारांहून अधिक हृदयरुग्णांची माहिती होती. त्यातील दोन गोष्टी आपण विसरू नयेत.

पहिली गोष्ट, त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटांचा, म्हणजे तब्बल सहा तासांचा होता. रुग्णालयात पोहोचल्यावर रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध मिळायला मात्र ५० मिनिटेच लागत. म्हणजे मौल्यवान वेळ जातो तो घरात. 'पित्त झाले असेल', 'सकाळ होऊ द्या', 'मुलाला फोन करून विचारू', 'गाडी कुणाची मिळेल' या विचारविनिमयात तो जातो. दुसरी गोष्ट अधिक क्लेशदायक आहे. गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के तीस दिवसांच्या आत दगावले. सधन रुग्णांमध्ये हे प्रमाण ५.५ टक्के होते. गरिबांना योग्य उपचार कमी मिळतात, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. हृदय सर्वांचे सारखेच, परंतु त्याला मिळणारी शुश्रूषा सारखी नाही.

ही दरी कमी करण्यासाठी दूरवैद्यकाचा उपयोग व्हावा, हा विचार आपल्या देशात पंचवीस वर्षांपासून आहे. २००२ साली इस्रोच्या उपग्रहाद्वारे कर्नाटकातील चामराजनगरचे जिल्हा रुग्णालय बंगळुरूच्या नारायण हृदयालयाशी जोडण्यात आले. २५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यकाविषयीची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. नोंदणीकृत डॉक्टरने दूरध्वनी, दृक्श्राव्य संवाद वा संदेश यांद्वारे सल्ला कसा द्यावा, रुग्णाची संमती कशी घ्यावी, कोणती औषधे अशा पद्धतीने लिहून देऊ नयेत, हे त्यांत स्पष्ट केले आहे. त्याच वर्षी सरकारची 'ई-संजीवनी' ही सेवा थेट नागरिकांसाठी खुली झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. या सेवेच्या एका शाखेत रुग्ण गावच्या आरोग्य केंद्रात जातो, तेथील आरोग्य कर्मचारी त्याच्या शेजारी बसतो आणि डॉक्टर पडद्यावर असतात. माझ्या मते आपल्या ग्रामीण भागासाठी हीच पद्धत अधिक हितकर आहे, कारण तीत रुग्णाजवळ माणूस आहे.

गोव्यातील 'स्टेमी' प्रकल्प हे याचे उत्तम उदाहरण होय. २०१८-१९ च्या सुमारास सुरू झालेल्या या उपक्रमात लहान सरकारी रुग्णालये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडली गेली. छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाचा ईसीजी तेथल्या तेथे काढला जातो, तो तज्ज्ञांकडे जातो आणि झटक्याचे निदान होताच गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन त्या लहान केंद्रातच विनामूल्य दिले जाते. त्यानंतर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात नेले जाते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली काही जिल्ह्यांत अशाच धर्तीचा प्रकल्प हाती घेतला. वसईच्या किनाऱ्यापासून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपाड्यांपर्यंत पसरलेल्या आपल्या भागाला अशा व्यवस्थेची किती निकड आहे, हे महामार्गावरील वाहतुकीत अडकलेली रुग्णवाहिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

सावधगिरीचे तीन मुद्दे

पहिला मुद्दा भीतीचा. मनगटावरील घड्याळ आता नाडीची अनियमितता टिपते. अमेरिकेत सुमारे ४ लाख १९ हजार लोकांच्या सहभागाने झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी सूचना केवळ ०.५२ टक्के लोकांना मिळाली. त्यांपैकी ज्यांची नंतर छातीवर पट्टी लावून तपासणी झाली, त्यांच्यात ३४ टक्क्यांना 'एट्रियल फिब्रिलेशन' हा विकार आढळला. म्हणजे घड्याळाची सूचना दुर्लक्ष करण्याजोगी नाही आणि ती अंतिम निदानही नाही. दर तासाला घड्याळ पाहून झोप घालवणारी तरुण मंडळी आता आम्हा धर्मगुरूंकडेही येऊ लागली आहेत. त्यांनी घड्याळाकडून डॉक्टरांकडे जावे, पुन्हा घड्याळाकडे नव्हे.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा व खासगीपणाचा. २०१७ साली अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरच्या आज्ञावलीत सुधारणा करावी लागली, कारण त्यांत बाहेरून ढवळाढवळ होण्याची शक्यता लक्षात आली होती. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. तरीही आपला ईसीजी आणि औषधाची चिठ्ठी नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप समूहावर टाकण्याची सवय आपणच सोडली पाहिजे.

तिसरा मुद्दा जीवनाच्या अंतिम क्षणांचा. आयसीडी बसवलेला रुग्ण दुर्धर आजाराने मरणपंथाला लागतो, तेव्हाही ते यंत्र आपले काम करीत राहते आणि मरणासन्न देहाला वेदनादायी झटके देऊ शकते. अशा वेळी झटक्याची सोय बंद करता येते. ही दयामरणाची कृती नव्हे काय, असे कुटुंबीय आम्हाला विचारतात. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणापासून ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. जीव घेणे कदापि मान्य नाही. तथापि रुग्णावर असह्य भार टाकणारे व परिणामाच्या मानाने अवाजवी ठरणारे उपचार थांबवण्यास नैतिक बाधा नाही. मृत्यू घडवून आणणे वेगळे आणि तो अटळ असताना त्याचा स्वीकार करणे वेगळे. याविषयी डॉक्टर, कुटुंबीय आणि धर्मगुरू यांच्याशी रुग्ण बोलू शकतो, तेव्हाच बोलणे श्रेयस्कर.

ख्रिस्तसभेची दृष्टी

२४ ऑक्टोबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी येशूच्या पवित्र हृदयावरील 'दिलेक्सित नोस' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात मानवता जपायची तर प्रेम आणि काव्य अपरिहार्य आहेत, असा विचार त्यांनी त्यात मांडला. त्यानंतर २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने प्रसृत केलेल्या 'अँतिका एत नोव्हा' या टिपणात वैद्यकीय क्षेत्राचाही परामर्श घेतला आहे. नवे तंत्रज्ञान निदानाला साहाय्यभूत ठरू शकते, पण रुग्ण आणि वैद्य यांच्यातील नात्याची जागा त्याने घेतली तर आजारपणातील एकाकीपणा अधिकच वाढेल, असा इशारा त्यात आहे.

आपल्या संस्कारांचाही हाच धडा आहे. टाळेबंदीत आपण पडद्यावर मिस्सा पाहिला, त्यातून धीर मिळाला. परंतु आजाऱ्यांचा अभ्यंग संस्कार पडद्यावरून देता येत नाही. त्यासाठी धर्मगुरूला रुग्णाच्या कपाळाला तेल लावावे लागते. इंटरनेटवर संस्कार नाहीत, असे व्हॅटिकनने २००२ सालीच स्पष्ट केले होते. स्पर्शाला पर्याय नाही.

मग दूरवरून होणारे उपचार कमी प्रतीचे समजायचे काय? मुळीच नाही. शुभवर्तमानात दूरवरून बरे झालेला एक रुग्ण आपल्या परिचयाचा आहे. कफर्णहूम येथील शताधिपतीचा दास मरणाच्या दारी होता. संत लूक स्वतः वैद्य, असे परंपरा मानते. त्याने हा प्रसंग बारकाईने सांगितला आहे (लूक ७:१-१०). शताधिपती यहुद्यांच्या वडीलजनांना प्रभूकडे पाठवतो, पुन्हा मित्रांना पाठवतो. प्रभू त्या घरात पाऊल टाकत नाही, दासाला तो पाहतही नाही, तरी दास बरा होतो. शताधिपतीच्या विश्वासाचे शब्द आपण प्रत्येक मिस्सात कम्युनियनपूर्वी उच्चारतो.

या प्रसंगातील एक बाब सहसा नजरेतून निसटते. दास स्वतः काहीच करू शकत नव्हता. त्याचे दुखणे कुणीतरी पाहिले, कुणीतरी त्याची किंमत ओळखली, कुणीतरी निरोप घेऊन धावले. वैद्य दूर होता, परंतु रुग्ण एकटा नव्हता. त्याच्या आणि प्रभूच्या मध्ये माणसांची एक साखळी होती. दूरवैद्यकाचे यश आजही अशा साखळीवर अवलंबून आहे.

धर्मग्रामांनी काय करावे?

ही साखळी उभारण्यासाठी लाखो रुपयांची यंत्रे लागत नाहीत. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त परिचारिका आहेत, धर्मभगिनी आहेत, छोटे ख्रिस्ती समूह आहेत, मोबाइल लीलया हाताळणारे युवक आहेत. त्यांच्या साहाय्याने पुढील गोष्टी सहज करता येतील.

एक, प्रत्येक छोट्या ख्रिस्ती समूहाने आपल्या भागात एकटे राहणारे हृदयरुग्ण कोण आहेत, याची त्यांच्या संमतीने नोंद ठेवावी आणि प्रत्येकासाठी शेजारचे एक घर ठरवून द्यावे. मध्यरात्री कुणाला उठवायचे, याचे उत्तर त्या रुग्णाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. त्याखाली १०८ हा क्रमांक, औषधांची यादी आणि डॉक्टरांचे नाव असावे.

दोन, हार्ट फेल्युअरच्या रुग्णाकडे एक साधा वजनकाटा आणि एक वही असावी. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी वजन करून लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली, सूज वा दम वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. डॉक्टरांनी निराळी मर्यादा सांगितली असल्यास तीच पाळावी. काट्यावरचा आकडा ज्यांना दिसत नाही त्यांना तो वाचून दाखवणे, ही शेजाऱ्याची सेवा होय.

तीन, युवकांनी महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर ज्येष्ठांना ई-संजीवनी कशी वापरावी, कागदपत्रे कशी जपावीत हे शिकवावे. छातीत दुखणे, घाम फुटणे, दम लागणे, डावा हात वा जबडा दुखणे अशा वेळी पडद्यावरच्या सल्ल्याची वाट पाहायची नसते, हेही त्याच वेळी बजावून सांगावे.

चार, आदिवासी पाड्यांवर कार्य करणाऱ्या आपल्या दवाखान्यांना ईसीजी यंत्र आणि तज्ज्ञांशी जोडणी मिळवून देण्याचा विचार धर्मप्रांताने अग्रक्रमाने करावा. सणांच्या रोषणाईचा थोडा खर्च याकडे वळवला तर पवित्र हृदयाची भक्ती अधिक उजळेल.

परदेशी असलेल्या आपल्या मुलामुलींना एक प्रेमाची विनंती. आईवडिलांसाठी यंत्र अवश्य पाठवा. त्याबरोबर शेजाऱ्याला एक फोन करा, त्याच्याशी ओळख ताजी करा. तुमच्या आईच्या काळजाची तार त्याच्या घरातून जाते.

त्या मावशींकडे आता पुढच्या आळीतील एक निवृत्त परिचारिका रोज सकाळी डोकावतात. भिंतीवर दोन दूरध्वनी क्रमांक लिहिलेले आहेत. पांढरे यंत्र आपले काम करीतच आहे. गेल्या पहिल्या शुक्रवारी मावशी म्हणाल्या, "फादर, आता रात्री झोप लागते." त्या दिवशी अल्तारावरचा दिवा आणि यंत्रावरचा दिवा, दोन्ही मला एकाच कामावर नेमलेले वाटले.

ज्याचे हृदय आपल्यासाठी भाल्याने विद्ध झाले, त्या प्रभूने आपल्या सर्वांना शताधिपतीच्या मित्रांसारखे निरोप घेऊन धावणारे करावे, हीच प्रार्थना.